क्लायटेम्नेस्ट्राची मनवळवणी : 'अ‍ॅगमेम्नॉन'मधील संवादभाषेचा विचार

१

ईस्किलसची 'ओरेस्टेइया' ही नाट्यत्रयी इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्स येथील डायोनायसस देवतेच्या उत्सवात प्रथम सादर झाली आणि स्पर्धेत तिला पहिले पारितोषिक मिळाले. प्राचीन ग्रीक नाट्यत्रयींपैकी पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली ही एकमेव कृती होय. तिच्यातील पहिले नाटक 'अ‍ॅगमेम्नॉन'. त्याच्या मध्यभागी जो प्रसंग आहे, तो सर्वपरिचित आहे. ट्रॉय नगरी जिंकून दहाव्या वर्षी राजा आर्गॉसला परततो. महालाच्या दारात राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याच्यासाठी मौल्यवान जांभळ्या वस्त्रांच्या पायघड्या अंथरविते. असा मान देवांचा, माणसाचा नव्हे, असे म्हणून राजा त्यांवर पाऊल ठेवण्यास नकार देतो. राणी थोडे बोलते, राजा थोडे बोलतो. आणि अखेर पादत्राणे उतरवून तो त्याच पायघड्यांवरून आत जातो. आत त्याचा वध होतो.

या प्रसंगाविषयी एक साधा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. राणीला राजाचा वधच करावयाचा होता, तर या पायघड्यांची आवश्यकता काय होती? राजा स्वतःच्या घरी आला आहे. मातीवरून चालत का होईना, तो त्याच दारातून आत जाणारच होता. वधाच्या योजनेत पायघड्यांना व्यावहारिक स्थान नाही. अर्थात राणीला हवा आहे तो राजाचा गृहप्रवेश नव्हे. तिला हवी आहे त्याची संमती. जे कृत्य तो स्वतः अनुचित मानतो, ते त्याने स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या तोंडच्या होकाराने करावे, हे तिचे उद्दिष्ट आहे. हा प्रसंग केवळ कपटाचा नसून मनवळवणीचा आहे, तो या अर्थाने.

क्लायटेम्नेस्ट्रेकडे पाहण्याच्या दोन रूढ दृष्टी आहेत. एक तिला कपटी स्त्रीचा आदर्श नमुना मानते. दुसरी राजाच्या दुर्बलतेवर किंवा अहंकारावर सारा भार टाकते. या दोन्ही दृष्टी पात्रांच्या स्वभावात उत्तर शोधतात. परंतु या प्रसंगाचे उत्तर बऱ्याच अंशी संवादाच्या रचनेत आहे. क्लायटेम्नेस्ट्रा असत्य सांगून जिंकते असे म्हणण्यापेक्षा, ती समोरच्याला उत्तर द्यावयास लावून जिंकते, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. कोणत्याही प्रश्नाच्या पोटी काही गृहीत असते. जो उत्तर देतो, तो ते गृहीत न कळत मान्य करीत असतो. या विधानाची कसोटी पाहण्याची सोय खुद्द नाटककारानेच करून ठेवली आहे. कारण याच नाटकात राणीपुढे असे एक पात्र उभे राहते, की जे उत्तरच देत नाही.

२

प्रसंगाच्या पृथक्करणापूर्वी एका शब्दाचा विचार आवश्यक आहे. ग्रीक भाषेत मनवळवणीला 'पेइथो' म्हणतात. ते एका देवतेचेही नाव आहे. मूळ धातू 'पेइथ्'. त्याचे कर्तरी रूप 'पेइथो' म्हणजे 'मी मन वळवितो'. त्याचेच मध्यम प्रयोगातील रूप 'पेइथोमाइ'. त्याचा अर्थ 'माझे मन वळते' आणि 'मी आज्ञा मानतो' असा दुहेरी आहे. संस्कृतातील परस्मैपद आणि आत्मनेपद यांचा संबंध ज्यांना परिचित आहे, त्यांना हा भेद समजण्यास अडचण पडू नये. क्रिया एकच, परंतु आत्मनेपदी रूपात क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते. ज्याचे मन वळते तो ग्रीक व्याकरणात केवळ कर्म नसतो, तोही कर्ता असतो.

मराठीने हाच व्यवहार निराळ्या मार्गाने व्यक्त केला आहे. 'पटणे' हे मूळ क्रियापद असून 'पटविणे' हे त्याचे प्रयोजक रूप. 'मला पटले' या वाक्यात ज्याला पटले तो चतुर्थीत येतो. तो कर्ता नसतो, अनुभव घेणारा असतो. तथापि 'पटणे' घडल्याखेरीज 'पटविणे' पूर्ण होत नाही, हे प्रयोजक रूपाच्या घडणीतच सूचित आहे. याशिवाय मराठीत 'ऐकणे' हे आणखी एक क्रियापद आहे. 'त्याने तिचे ऐकले' म्हणजे तिचे शब्द त्याच्या कानी पडले, इतकेच नव्हे. तिच्या सांगण्याप्रमाणे तो वागला, असाही त्याचा अर्थ होतो. एखाद्याला गोष्ट पटलेली नसतानाही तो 'ऐकतो', हा मराठी भाषकांचा नित्याचा अनुभव आहे. ग्रीक 'पेइथोमाइ'मध्ये 'पटणे' आणि 'ऐकणे' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. पायघड्यांच्या प्रसंगाचे मर्म या दोहोंमधील फटीत आहे.

३

राजाच्या आगमनापूर्वीच राणीच्या वाणीचा परिचय प्रेक्षकांना झालेला असतो. ट्रॉय पडल्याची वार्ता ती वृंदातील वृद्धांना सांगते, तेव्हा ते पुरावा मागतात. इडा पर्वतावर पेटलेला अग्नी लेम्नॉस बेटावर, तेथून अ‍ॅथॉस पर्वतावर आणि असा शिखराशिखरांवरून शेवटी अराख्नायॉनवरून राजवाड्याच्या छपरापर्यंत कसा पोहोचला, याचे ती स्थलनामांसह वर्णन करते. पाठोपाठ पडलेल्या नगरीतील त्या रात्रीचे चित्रही उभे करते. वस्तुतः ते तिने पाहिलेले नाही. वृद्ध संतुष्ट होतात आणि ती शहाण्या पुरुषासारखी बोलली, अशी तिची प्रशंसा करतात. थोड्याच वेळात मात्र ते पुन्हा साशंक होतात आणि स्त्रिया चटकन विश्वास ठेवतात असे म्हणू लागतात.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती वार्ता खरी आहे. राणीची पहिली मनवळवणी सत्याच्या बाजूने आहे आणि तरीही ती टिकत नाही. उलट पुढची, घातासाठी केलेली मनवळवणी यशस्वी होते. सत्य आणि पटणे यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे नाटककाराने आरंभीच सुचविले आहे.

राजा येतो तेव्हा राणी प्रथम त्याच्याशी बोलत नाही. ती नागरिकांना उद्देशून बोलते आणि राजाचा उल्लेख तृतीय पुरुषी करते. जितक्या जखमांच्या अफवा आल्या तितक्या खरोखर झाल्या असत्या, तर त्याच्या देहाला जाळ्याहून अधिक भोके पडली असती, अशा आशयाचे ती बोलते. प्रेक्षकाला पुढे जाळ्यासारखे वस्त्र दिसणार आहे, म्हणून हा शब्द त्याच्या मनात रुतून राहतो. मग घराचा राखणदार कुत्रा, जहाजाचा दोर, छपराचा खांब, तहानलेल्या प्रवाशाला मिळालेला झरा अशा उपमांची माळ ती राजाभोवती गुंफते. या भाषणात शब्दशः असत्य असे थोडे आहे. पुष्कळसे द्व्यर्थी आहे. न्यायदेवता त्याला अनपेक्षित अशा घरी नेवो, ही तिची इच्छा राजाच्या कानी एका अर्थाने पडते आणि तिच्या मनात दुसऱ्या अर्थाने असते.

राजाचे उत्तर संयमी आहे. माझ्या गैरहजेरीप्रमाणेच तुझे भाषणही लांबले, असा सौम्य टोला मारून तो तीन आक्षेप घेतो : आपले लाड स्त्रीसारखे करू नयेत, परकीय राजापुढे घालतात तसे लोटांगण घालू नये, आणि देवांचा मान माणसाला देऊ नये. यांपैकी तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्याला भय आहे ते देवांच्या असूयेचे.

४

यानंतर येतो तो एकेका ओळीचा संवाद. ग्रीक शोकांतिकेत ही रचना नेहमीची आहे. दोन पात्रे आलटूनपालटून एकेक ओळ बोलतात. मूळ संहितेत ९३१ व्या ओळीपासून हा संवाद सुरू होतो आणि चौदाव्या ओळीला राजाने हार मानलेली असते. इतक्या अल्प अवकाशात काय घडते, हे पायरीपायरीने पाहिले पाहिजे.

पहिली पायरी. राणी विचारते, की भयाच्या प्रसंगी तू देवांना असे करण्याचा नवस केला असतास काय? एखाद्या जाणकाराने तो विधी सांगितला असता तर केला असता, असे राजा उत्तरतो. उत्तर प्रामाणिक आहे. परंतु आतापर्यंत पायघड्यांवरून चालणे हे स्वरूपतःच निषिद्ध होते. या उत्तराने ते परिस्थितीवर अवलंबून असलेले कृत्य ठरते. निरपवाद निषेध सशर्त झाला, आणि तो सशर्त केला राजाने.

दुसरी पायरी. प्रायम विजयी झाला असता तर त्याने काय केले असते, असे राणी विचारते. तो निश्चित पायघड्यांवरून चालला असता, असे राजा म्हणतो. तर्कदृष्ट्या हे उदाहरण राणीच्या विरुद्ध जाणारे आहे. परकीय राजासारखा मान नको, असे तो थोड्याच वेळापूर्वी म्हणाला होता. आणि प्रायम हाच तो परकीय राजा. परंतु प्रश्नाला उत्तर देताना तो तुलना मान्य करतो, तिला आक्षेप घेत नाही.

तिसरी पायरी निर्णायक आहे. मग माणसांच्या निंदेला भिऊ नकोस, असे राणी सांगते. आता, राजाने माणसांच्या निंदेचे भय बोलून दाखविलेलेच नव्हते. त्याचे भय देवांचे होते. राणीच्या वाक्यात देवांची जागा माणसांनी घेतली. येथे राजाने, मी लोकांविषयी नव्हे, देवांविषयी बोलत होतो, एवढेच म्हटले असते तरी संवाद तेथेच थांबला असता. तो म्हणतो, की लोकमताचे सामर्थ्य मोठे असते. हे म्हणताच वादाचा विषय त्याच्याच तोंडून बदलला. ज्याचा कुणी हेवा करीत नाही तो स्पृहणीयही नसतो, हे राणीचे पुढचे वाक्य मग सहज बसते. असूया हा शब्दप्रयोग राहिला. परंतु ती देवांची असूया राहिली नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांची झाली.

चौथी पायरी. स्त्रीने झुंजीची हौस धरणे शोभत नाही, असे राजा म्हणतो. हे वाक्य तो पराभवाच्या वाटेवर असल्याचे चिन्ह आहे. कारण विषय सोडून तो बोलणारीवर बोलू लागला आहे. राणी ते वाक्य नाकारीत नाही, उलट त्याचाच उपयोग करते : भाग्यवंताला हार पत्करणेही शोभून दिसते. या विजयाचे तुला इतके मोल आहे काय, असे राजा विचारतो. आता प्रश्न पायघड्यांचा राहिलेलाच नाही. या छोट्या झुंजीत कोण जिंकणार, एवढाच तो उरला आहे. तेव्हा राणी 'पिथोउ' हे आज्ञार्थी रूप उच्चारते. ते त्याच धातूचे मध्यम प्रयोगातील रूप आहे. स्वेच्छेने मला जिंकू दिलेस तर सत्ता तुझीच राहते, असा युक्तिवाद ती त्याला जोडते. शरणागतीलाच औदार्याचे नाव मिळते.

या संवादात राणीने एकही खोटे विधान केलेले नाही. तिने प्रश्न विचारले, निष्कर्ष सुचविले आणि विषय बदलला. बाकीचे राजाने केले.

५

राजाचे मन खरोखर वळले काय? संहितेचा कौल नकारार्थी आहे. आपले मत आपण बिघडू देणार नाही, असे त्याने संवादाच्या आरंभी म्हटले होते. आणि त्याचे मत शेवटपर्यंत बदललेले दिसत नाही. तो पादत्राणे उतरवितो, देवांची दृष्टी दुरून आपल्यावर न पडो अशी प्रार्थना करतो, घरची संपत्ती पायदळी तुडविण्याची लाज बोलून दाखवितो. म्हणजे त्याला पटलेले नाही. त्याने ऐकले आहे. तुझे ऐकण्यास मी भाग पडलो आहे, हे सांगताना त्याच्या तोंडी 'कातेस्त्राम्माइ' हे कर्मणी रूप येते. हे क्रियापद नगरे आणि राष्ट्रे जिंकून अंकित करण्याच्या संदर्भात वापरले जाते. ट्रॉयचा विजेता स्वतःविषयी जितांचा शब्द वापरतो, आणि त्याला जोडलेले 'आकोउएइन' हे रूप मराठी 'ऐकणे'प्रमाणेच श्रवण आणि आज्ञापालन या दोन्ही अर्थांचे आहे.

राजा का नमला, याविषयी विसाव्या शतकात विद्वानांत मोठा मतभेद झाला. एडुआर्ड फ्रेंकेल यांनी १९५० च्या आपल्या त्रिखंडात्मक आवृत्तीत राजाच्या सौजन्यावर आणि थकव्यावर भर दिला. स्त्रीशी वाद वाढविणे त्याच्या थोरवीला रुचले नाही, असा त्यांचा अभिप्राय. १९५७ च्या डेनिस्टन-पेज आवृत्तीत डेनिस पेज यांनी हे मत खोडून काढले आणि राजाला मनातून तेच हवे होते, राणीने केवळ निमित्त पुरविले, असे प्रतिपादन केले. दोन्ही मतांना आधार आहेत. परंतु दोन्ही मते राजाच्या मनाविषयी आहेत आणि संहिता त्याच्या मनापेक्षा त्याच्या उत्तरांविषयी अधिक बोलते. सभ्य असो वा गर्विष्ठ, जो मनुष्य तिसऱ्या पायरीवर विषय बदलू देतो तो चौथ्या पायरीवर हरणारच. पुढे १९८४ मध्ये सायमन गोल्डहिल यांनी या नाट्यत्रयीचा अभ्यास करताना भाषाव्यवहार हाच तिचा एक मुख्य विषय असल्याचे दाखविले, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

६

आता कसोटीचा प्रसंग. राजाने ट्रॉयहून आणलेली बंदिनी कॅसँड्रा रथातच बसून आहे. राणी परत येऊन तिला आत बोलावते. कॅसँड्रा बोलत नाही. राणी युक्तिवाद करते, दास्य कुणालाही चुकत नाही असे सांगते, चांगल्या घराचे आश्वासन देते, उत्तर नाही. वृंदप्रमुख तिला समजावू लागतो, तेव्हा एकाच ओळीत तो 'पेइथोमाइ'चे रूप दोनदा वापरतो आणि त्याच धातूपासून झालेल्या, 'न ऐकणे' या अर्थाच्या क्रियापदाचेही रूप त्यात गुंफतो : ऐकायचे असेल तर ऐक, कदाचित तू ऐकणारही नाहीस, असा त्याचा भाव. राणीला शंका येते, की हिची भाषा पाकोळीसारखी परकी असावी. शेवटी ती म्हणते, की शब्द समजत नसतील तर हाताने खूण कर. शब्द न समजणाऱ्याला शब्दांनीच सांगण्यातील विसंगती तिच्या ध्यानी येत नाही. यापुढे शब्द वाया घालविणार नाही, असे म्हणून ती निघून जाते. संपूर्ण नाटकात तिच्या वाणीचा असा पराभव दुसरा नाही.

या पराभवाचे कारण कॅसँड्रेचा स्वभाव नव्हे. ती वाद घालीत नाही, नाकारीत नाही, केवळ संवादात उतरत नाही. राणीच्या पद्धतीला समोरून येणाऱ्या वाक्याचा आधार लागतो. तो न मिळाल्यामुळे ती पद्धत अधांतरी राहते.

यावर आक्षेप असा घेता येईल, की कॅसँड्राही अखेर त्याच दारातून आत जाते आणि मरते. मग तिच्या मौनाने काय साधले? आक्षेप योग्य आहे. मौनाने तिचा जीव वाचला नाही. तथापि ती आत जाते ती आत काय आहे हे पूर्णपणे जाणून; राणीच्या शब्दाला मान देऊन नव्हे. राजाचा मृत्यू त्याच्या होकारातून घडतो. तिच्या मृत्यूत तिचा होकार नाही.

राणी गेल्यावर कॅसँड्रा बोलू लागते. ती उत्तम ग्रीक बोलते आणि जे बोलते ते सर्व सत्य असते. परंतु अपोलोच्या शापामुळे तिने सांगितलेले कुणालाच पटत नाही. हे सांगतानाही ती 'पेइथो' याच क्रियापदाचा अवलंब करते. एकीकडे सत्याशिवाय मनवळवणी, दुसरीकडे मनवळवणीशिवाय सत्य. या दोहोंना नाटककाराने एकाच दारासमोर पाठोपाठ उभे केले आहे.

७

वध झाल्यानंतर क्लायटेम्नेस्ट्रा उघडपणे सांगते, की पूर्वी आपण प्रसंगानुसार पुष्कळ बोललो आणि आता त्याच्या उलट बोलण्यास आपल्याला लाज वाटत नाही. तिची बाजूही ती मांडते. ऑलिस येथे जहाजांना वारा मिळावा म्हणून याच राजाने आपली मुलगी इफिजेनिया बळी दिली होती. नाटकाच्या आरंभी वृंदाने त्या बळीचे वर्णन केलेले असते. त्यात दोन तपशील असे आहेत की जे पायघड्यांच्या प्रसंगावर प्रकाश टाकतात. तिच्या तोंडून घराण्याला शाप निघू नये म्हणून तिचे तोंड बंद केले होते. आणि तिचे केशरी वस्त्र जमिनीवर ओघळले होते. पित्याच्या मेजवान्यांत जी गात असे, तिला शेवटचा शब्द मिळाला नाही. ज्या घरात कन्येची वाचा बळाने बंद केली गेली, त्याच घराच्या दारात माता वाणीने सूड घेते आणि पित्याला जमिनीवरच्या वस्त्रांवरून चालविते.

ऑलिसच्या त्याच वर्णनात राजाचे जे द्वंद्व वृंद सांगतो, त्यातही 'पिथेस्थाइ' हे रूप आहे. न ऐकावे तरी भार, मुलीला मारावे तरी भार, अशी त्याची कोंडी झाली होती. आणि त्याने 'ऐकले' होते. अंतर्मन साक्ष देत नसताना ऐकणे ही त्याची आर्गॉसमधली पहिली वेळ नव्हे. जी भेग ऑलिसला पडली होती, तिच्यातच राणीने बोट घातले. म्हणून दोष कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर एकेरी देता येत नाही. राणीचा हेतू घाताचा आहे आणि तिची जबाबदारी तिच्या दुःखाने पुसली जात नाही. परंतु 'पेइथोमाइ'चा कर्ता राजाच आहे.

या सर्व व्यवहाराला 'स्त्रीचे कपट' म्हणून बाजूला सारणे ही मात्र वाचकाची फसगत ठरेल. प्रश्नोत्तरांतून प्रतिपक्षाकडून मान्यता काढून घेणे हे अथेन्सच्या सभेत आणि न्यायालयात पुरुष नागरिकांचे नित्याचे काम होते. स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. प्रेक्षागृहातील नागरिकाला क्लायटेम्नेस्ट्रेच्या तोंडी जे कौशल्य दिसले, ते त्याचे स्वतःचे कौशल्य होते. इ. स. पूर्व ४६२-६१ च्या सुमारास एफिअल्टिसच्या सुधारणांनी अ‍ॅरिओपॅगस मंडळाचे अधिकार मर्यादित झाले होते. मतदान आणि वक्तृत्व यांवर नगराचे भवितव्य किती अवलंबून आहे, याची जाणीव ताजी होती. त्रयीतील तिसऱ्या नाटकात, 'यूमेनिडीस'मध्ये, याच अ‍ॅरिओपॅगसवर न्यायसभा भरते, हा योगायोग नव्हे.

त्या नाटकाच्या शेवटी अथीना क्रुद्ध सूडदेवतांचे मन वळविते आणि पेइथो देवतेचे आभार मानते. पहिल्या नाटकात वृंदाने ज्या पेइथोला अनर्थाची असह्य कन्या म्हटले होते, तीच येथे वंदनीय ठरते. अथीनेची वाणी सर्वस्वी निर्भेळ आहे असे नाही; झ्यूसच्या वज्राच्या किल्ल्या आपल्याला ठाऊक आहेत, हेही ती सूचित करते. तथापि भेद स्पष्ट आहे. अथीना काय देऊ करते आणि त्या बदल्यात काय मागते, हे सर्वांसमक्ष सांगते. सूडदेवता पुन्हा पुन्हा नकार देतात, तेव्हा त्यांचा विषय न बदलता ती पुन्हा त्याच विषयावर बोलते. क्लायटेम्नेस्ट्राने राजाचा देवांविषयीचा आक्षेप एकदाही विचारात घेतला नव्हता. तो केवळ दृष्टीआड केला होता.

मनवळवणी आणि फसवणूक यांतील सीमारेषा शब्दांच्या खरेखोटेपणात शोधली, तर ती पायघड्यांच्या प्रसंगात सापडत नाही. श्रोत्याने मांडलेल्या मूळ आक्षेपाचे पुढे काय झाले, हे पाहिले तर ती सापडते. अ‍ॅगमेम्नॉनचा आक्षेप खोडला गेला नाही. तो मागे राहिला, आणि राजा त्याला मागे सोडून चालत गेला.